पदकाच्या कडेवरचं नाव

रेडिओवर आम्ही हे बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप धाडले की हे लिहून द्या, गटाच्या बैठकीत वाचून दाखवायचंय. म्हणून तेच बोलणं इथं थोडं नीट मांडून देतो आहोत.

गोष्ट एका पत्र्याच्या पेटीपासून सुरू झाली. आमच्या खटाव तालुक्यातल्या एका घरी आम्ही जुन्या दागिन्यांवर बोलायला गेलो होतो. घरातल्या आजी ऐंशीच्या आसपासच्या. पुतळ्या, वज्रटीक, जोडवी असं काहीबाही दाखवून झालं आणि पेटीच्या तळाशी चिंधीत बांधलेलं एक जड नाणं निघालं. रुपयापेक्षा मोठं, काळं पडलेलं. आजी म्हणाल्या, "हे आमच्या थोरल्या आत्याबाईंचं. चांदीचंय म्हणत्यात. औंदा नातीच्या फीला कमी पडलं तर सोनाराकडं न्यायचं चाललंय."

थोरल्या आत्याबाई म्हणजे आजींच्या आजेसासूबाई. त्यांचा नवरा पलटणीत होता. "बसऱ्याला गेला आन् तिकडंच राहिला," एवढंच घरात माहीत. कधी गेला, कुठं पडला, कुणाला ठाऊक नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्याचं पान दर वर्षी सर्वपित्री अमावस्येला, सगळ्यांच्या संगतीनं.

आम्ही ते नाणं उजेडात धरलं. एका बाजूला राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी, आणि दोन साल: 1914 आणि 1918. ते नाणं नव्हतंच. ते पहिल्या महायुद्धाचं पदक होतं. आणि त्याच्या कडेला, जिथं रुपयाला दाते असतात तिथं, बारीक इंग्रजी अक्षरं होती. दहावीतल्या नातीनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. आधी एक आकडा, मग 'सिपाही', मग त्याचं नाव, मग पलटण.

आजी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "साठ वर्सं मी ही पेटी पुसती. त्यात त्यांचं नाव हुतं व्हय?"

सख्यांनो, असं पदक तुमच्याही घरात असू शकतं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली आणि 74 हजारांच्या वर मेली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज 25 लाखांवर गेली आणि सुमारे 87 हजार परत आले नाहीत. आपल्या भागातनं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कोलाबा, पुणे, नगर इथून पोरं गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावचे 46 जण मेले. आपल्याकडं बऱ्याच गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत अशी पाटी असते, की या गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके मेले. आकडा असतो, नावं नसतात. आपण तिथून शंभरदा जातो, पाटी वाचत नाही.

लढाई कुणाची होती? आपली नव्हती. इंग्रजांची होती. पण पाऊस दगा देई आणि शेती पोट भरत नसे, तेव्हा शिपायाचा महिना 11 रुपये पगार हा घराचा आधार होता. कुणी पोटासाठी गेलं, कुणी घराण्यात पलटणीची रीत होती म्हणून गेलं. त्यांनी कुणासाठी लढावं हे आज आपण बसून ठरवायचं नाही. पण ते कुठं गेले आणि त्यांचं काय झालं, हे कळण्याचा हक्क त्यांच्या घरादाराला आहे.

आता त्या पदकाकडं वळू. कडेवर पलटण होती 110. तेव्हा मराठा पलटणी वेगवेगळ्या आकड्यांनी ओळखल्या जात: 103, 105, 110, 114, 116 आणि 117. पुढं 1922 साली या सहा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. आजच्या बेळगावच्या मराठा रेजिमेंटची ही जुनी घरं. म्हणून पदकावर यांतला एखादा आकडा आणि पुढं मराठा असं काही दिसलं, तर समजा की धागा बेळगावला जातो.

110 वी पलटण पुना डिव्हिजनमध्ये होती. 1914 साली इंग्रजांचं तुर्कांशी युद्ध सुरू झालं तेव्हा ही डिव्हिजन मुंबईच्या बाजूनं बोटीनं इराणच्या आखातात गेली आणि बसऱ्याला पोचली. हे बसरा आजच्या इराक देशात. तेव्हा त्या मुलुखाला मेसोपोटेमिया म्हणत. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी जे 'बसरा' आहे, ते हेच. तिथून फौज तैग्रीस नदीच्या काठाकाठानं बगदादकडं सरकत गेली. उन्हाळ्यात अंग भाजून काढणारं ऊन, पुराच्या वेळी गुडघाभर चिखल, जोडीला ताप आणि हगवण.

22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या थोडं अलीकडं, टेसिफॉन नावाच्या जुन्या शहराच्या अवशेषांजवळ मोठी लढाई झाली. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी तिथं होत्या. पुना डिव्हिजनची साडेचार हजारांहून अधिक माणसं त्या लढाईत मेली किंवा जखमी झाली. जखमींना न्यायला धड गाड्याही नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून, दगडाधोंड्यांतनं हिसके देत त्यांना नदीपर्यंत नेलं. हे हाल इतके वाईट होते की पुढं विलायतेत चौकशी आयोग बसला आणि 1917 साली त्याचा अहवाल बाहेर आला.

उरलेली फौज मागं हटून कुत या गावात शिरली. तुर्कांनी वेढा घातला, तो 147 दिवस चालला. खायचं संपलं. घोडी मारून खायची पाळी आली. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस घेतलं नाही आणि मूठभर पिठावर दिवस काढले. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं आणि सुमारे 13 हजार माणसं कैद झाली. त्यात सगळ्यात जास्त आपलेच, शिपाई आणि त्यांच्यामागचे भिश्ती, आचारी, डोलीवाले. वाळवंटातनं पायी चालवत नेताना आणि पुढं रेल्वेच्या कामावर राबताना त्यातले किती तरी मेले.

मग या घरच्या शिपायाचं काय झालं?

युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. ती 1917 साली स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या शिपायांची यादी तिच्या वेबसाईटवर आहे आणि कुणालाही फुकट पाहता येते. नातीनं तिथं नाव टाकलं. पहिल्यांदा काही निघालं नाही. कारण तेव्हाच्या कारकुनांनी आपली नावं कानाला लागली तशी लिहिली. धोंडी, दगडू, पांडुरंग यांची इंग्रजी स्पेलिंगं चार-चार तऱ्हेची. पोरीनं तीन संध्याकाळी खटपट केली. शेवटी नाव सोडून पलटण आणि पदकावरचा आकडा यांच्या वाटेनं गेली, तेव्हा नोंद सापडली. सिपाही, 110 वी पलटण. बापाचं नाव बरोबर. गावाचं नाव वाकडंतिकडं पण ओळखू येणारं, जिल्हा सातारा. मेल्याची तारीख 22 नोव्हेंबर 1915. स्मारक: बसरा.

म्हणजे तो टेसिफॉनच्या पहिल्याच दिवशी पडला होता. वेढ्यात नव्हता, कैदेत नव्हता. थोरल्या आत्याबाई जन्मभर म्हणायच्या, "कुटं उपाशी मेला आसंल." तसं झालं नव्हतं. आजींनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

गावातल्या भटजींकडून त्या सालचं गणित मांडून घेतलं. ती तिथी निघाली कार्तिक वद्य प्रतिपदा, त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस. गावात दीपमाळ पेटलेली असेल आणि तिकडं त्या चांदण्यात ही माणसं लढाईच्या जागेकडं चालत असतील. शंभर वर्षांनी त्या घराला आपल्या माणसाची तिथी मिळाली.

पण सख्यांनो, बसऱ्याच्या त्या स्मारकाची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1929 साली ते उभं राहिलं. ज्यांची कबर नाही, ज्यांचा देह सापडला नाही अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक आहे. गोऱ्या शिपायांची नावं दगडावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आला, की इतके जण. नावं वहीत राहिली. 2021 साली त्या कमिशननं स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी माणसांना मेल्यावरही सारखा मान मिळाला नाही, आणि माफी मागितली. आपल्या गावच्या पाटीवरही आकडाच असतो, हे आठवा. दगडावर ज्याचं नाव नाही, त्याचं नाव त्याच्या घरच्या पेटीत, पदकाच्या कडेवर आहे. ते वितळवलं तर तेही जातं.

म्हणून आता कामाचं बोलू. घरात जुनं पदक असेल तर काय बघायचं?

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक वर सांगितलंच. तसंच पदक काशाचंही असतं. ते सामान वाहणाऱ्या, खेचरं हाकणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांना दिलेलं. चांदीचं नाही म्हणून ते हलकं समजू नका. गोळ्या त्यांच्याही अंगावर आल्या होत्या. पिवळसर, पंखवाल्या बाईचं चित्र असलेलं ते विजयाचं पदक, त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. 1914-15 असं साल असलेला तांब्याच्या रंगाचा तारा असेल, तर नाव त्याच्या पाठीवर असतं. हाताच्या पंज्याएवढी काशाची गोल थाळी, त्यावर उभी बाई आणि सिंह असं दिसलं, तर ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवलेली असते. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं.

दुसऱ्या महायुद्धाचे सहा टोकांचे तारे असतात: बर्मा, आफ्रिका, इटली. इंग्रज सरकारनं आपल्या गोऱ्या शिपायांच्या या पदकांवर नावं कोरली नव्हती. हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र ती बहुधा असतात. एवढं एक बरं केलं.

पदक राखेनं, चिंचेनं घासू नका. अक्षरं झिजतात. पातळ कागद कडेवर धरून वर पेन्सिल हळू फिरवा, अक्षरं कागदावर उमटतील. मग शाळेतल्या पोरापोरींना वाचायला सांगा. आकडा, हुद्दा, नाव, पलटण ही चारही लिहून घ्या. एका नावाचे दहा शिपाई निघतात, म्हणून आकडा महत्त्वाचा. तोच आकडा दुसऱ्या पलटणीतही असू शकतो, म्हणून आकडा आणि पलटण जोडीनंच धरायची.

गाव शोधताना जुने जिल्हे ध्यानात ठेवा. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. कोलाबा म्हणजे आजचा रायगड. सिंधुदुर्ग 1981 सालापर्यंत रत्नागिरीतच होता. फलटण, औंध, भोर, सावंतवाडी ही तर संस्थानं. नोंद सापडत नसेल तर आधी जिल्हा बदलून बघा.

परत आलेल्या शिपायाची वाट जास्त अवघड, कारण ही यादी मेलेल्यांची आहे. त्याच्यासाठी घरातलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जुनी पाकिटं शोधा. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तिथं पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता मिळतो. जाताना कागदाची झेरॉक्स न्या, मूळ कागद आणि पदक घरीच ठेवा. आणि कुणी म्हणालं की पणजोबांच्या नावावर विलायतेतनं पैसे काढून देतो, आधी एवढे भरा, तर त्याला दारातनंच परत लावा.

फक्त मराठा पलटणींतच शोधू नका. महार समाजातले लोक कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीत झाला. पुढं इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभारली, आणि लढाई सरल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. 1941 साली गरज पडली, तेव्हा पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली. कोकणातल्या घरांनी बोटीवरचे खलाशीही आठवावेत. ज्यांची कबर समुद्रच झाला अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला आहे.

आणि शौर्याचं मोठं पदक मिळालं म्हणजे माणसाचा देह सापडतो, असंही नाही. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत लढताना मेले. त्यांना सगळ्यात मोठं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालं. पण त्यांचीही कबर नाही, इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या इटलीतल्याच लढाईसाठी तेच पदक मिळालं, आणि ते जिवंत घरी आले. एकच मुलूख, एकच रेजिमेंट. एका घरी माणूस आला, एका घरी पदक आलं.

आता शेवटची गोष्ट. नातीनं नोंद वाचून दाखवली तेव्हा आजींनी विचारलं, "त्यात आत्याबाईंचं नाव हाय का गं?"

नव्हतं. बापाचं नाव होतं, गावाचं होतं. काही नोंदींत, खास करून दुसऱ्या महायुद्धाच्या, 'अमकीचा नवरा' असं बायकोचं नाव सापडतं. या नोंदीत नव्हतं.

आजी म्हणाल्या, "विसाव्या वर्सी रांडाव झाल्या. पोर वर्साचं. दिरांच्या हाताखाली राबल्या, जमिनीचा तुकडा राखला, पोराला शिकिवलं. त्येंचं कुटं लिवलंय?"

या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. सरकारी यादीत ते मिळणार नाही, बसऱ्याच्या दगडावर नाही, बेळगावच्या दप्तरातही नाही. ते फक्त आजींना ठाऊक आहे. म्हणून त्याच बैठकीत गटाच्या वहीचं एक कोरं पान उघडलं. वर शिपायाचं नाव, आकडा, पलटण, तारीख, तिथी लिहिली. खाली थोरल्या आत्याबाईंचं माहेरचं आणि सासरचं नाव लिहिलं. त्यांनी कुठली जमीन राखली, कुणाकडनं किती कर्ज काढलं, कसं फेडलं, जात्यावर काय म्हणायच्या, हे आजी सांगत गेल्या आणि नात लिहीत गेली. पान पुरलं नाही.

घरच्यांची इच्छा म्हणून ती नावं आम्ही इथं छापत नाही. पण त्या घरात ती आता लिहिलेली आहेत. पदक सोनाराकडं गेलं नाही. फीचे पैसे गटातनं कर्ज काढून भरले, हप्ता वेळेवर येतो आहे.

यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या घरी पहिल्यांदा वेगळं पान वाढलं. आजींनी एक नाही, दोन पानं मांडली.

सख्यांनो, पुढच्या बैठकीला येताना पेटी उघडून बघा. पदक असेल तर त्याचा फोटो आणा. पदक नसेल आणि नुसती आठवण असेल, तर ती आणा. ज्या सासूबाई, आजेसासूबाई सांगू शकतात त्यांना पुढं बसवा आणि वहीचं एक पान त्यांच्यासाठी ठेवा. शिपायाचं नाव कुणीतरी पदकाच्या कडेवर कोरून ठेवलंय. मागं राहिलेल्या बाईचं नाव आपल्यालाच लिहायचंय.

पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.